न वापरलेली ओळ : कम्पायलरचे इशारे आणि ड्रायव्हरची दुरुस्ती

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी, मेडशी)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या अंतरंगाविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझे विषय मराठी वाङ्मय आणि समाजशास्त्र. या विषयाशी माझी ओळख एका चुकीतून झाली. ती चूक कोणती, ती का घडली आणि ती निस्तरताना काय शिकायला मिळाले, हे प्रस्तुत लेखात माझ्या अल्प मतीप्रमाणे मांडीत आहे.

अकोला-वाशीम रस्त्यावरील मेडशी हे माझे गाव. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी सोयाबीनचे पैसे आले तेव्हा बाबांनी मला एक जुना, दुसऱ्याने वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. पुण्यात संगणकशास्त्र शिकणारा माझा मामेभाऊ दिवाळीला आला होता. त्याने त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून दिली, कारण जुने यंत्र तिच्यावर हलके चालते. सगळे सुरळीत झाले, फक्त वाय-फाय चालेना. त्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या त्या आवृत्तीत नव्हता. त्याचा मूळ मजकूर तेवढा मिळाला. तो आपल्या यंत्रावर बांधून घ्यावा लागणार होता. दादाने फोनवरून आज्ञा सांगितल्या, मी त्या लिहिल्या, आणि पडद्यावर ड्रायव्हर तयार झाल्याच्या ओळीबरोबर अकरा इशारे उमटले. या अकरा इशाऱ्यांची ही हकिकत आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकाची कार्यप्रणाली ही घरातल्या कर्त्या माणसासारखी असते. कोणाला केव्हा काम द्यायचे, कोणाला जागा द्यायची, हे ती ठरवते. परंतु कळफलक, पडदा, छपाईयंत्र, वाय-फाय कार्ड यांची प्रत्येकाची बोली निराळी. ही बोली जाणणारा जो दुभाषी कार्यप्रणालीच्या पोटात बसलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जगाला दिली. आज लिनक्सच्या गाभ्याचा मूळ मजकूर तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत. जगात यंत्रे अनेक, म्हणून दुभाषीही अनेक. हे दुभाषी हजारो निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या वेळी लिहिलेले असतात. अशा मजकुरात काही ओळी मागे पडून राहणे अपरिहार्य आहे.

कम्पायलर : एक कडक व्याकरणकार

हा मजकूर बहुतांशी सी या भाषेत लिहिलेला असतो. माणसाने लिहिलेल्या सी भाषेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कम्पायलर. लिनक्ससाठी मुख्यतः जीसीसी हा कम्पायलर वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला.

कम्पायलर दोन तऱ्हेने बोलतो. व्याकरण चुकले तर तो ‘एरर’ म्हणतो आणि काम थांबवतो. व्याकरण बरोबर असून काही खटकले तर तो ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा देतो आणि काम पुढे नेतो. उदाहरणार्थ, “रामू, शामू आणि गोपाळ बाजारात गेले. रामूने भाजी घेतली. शामूने दोर घेतला.” या वाक्यांत व्याकरणाची चूक नाही. पण वाचक विचारील, “मग गोपाळचे काय झाले?” कम्पायलरचा ‘न वापरलेले’ हा इशारा म्हणजे नेमका हाच प्रश्न होय. एक नाव आणले, आणि पुढे त्याचे काहीच झाले नाही.

हे त्याला कळते कसे? त्याची रीत साधी आहे. प्रत्येक नाव जाहीर झाले की तो ते आपल्या वहीत टिपतो आणि ते कोठे वाचले गेले की त्यापुढे खूण करतो. शेवटी ज्या नावांपुढे खूण नाही, त्यांची यादी तो आपल्यापुढे ठेवतो.

याहून खोल अशी एक तपासणी तो स्वतःसाठी करतो. यंत्राची भाषा आटोपशीर व्हावी म्हणून तो मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत येतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो, ‘या किमतीची पुढे कोणाला गरज आहे काय?’ गरज असेल तर ती किंमत जिवंत, नसेल तर मृत. या शास्त्राचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात चांगला झालेला आहे. पवईच्या आय. आय. टी. मुंबईतील प्रा. उदय खेडकर व प्रा. अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह ‘डेटा फ्लो ॲनालिसिस : थिअरी अँड प्रॅक्टिस’ हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या जिवंत-मृत किमतींचे विवेचन आहे. त्याच संस्थेत जीसीसी रिसोर्स सेंटर स्थापन झाले व तेथून अनेक विद्यार्थ्यांना या कम्पायलरचे अंतरंग शिकवले गेले. हा ग्रंथ मला सगळा झेपला असे मी म्हणणार नाही. परंतु ‘जिवंत किंमत’ ही कल्पना मात्र मनात पक्की बसली.

इशाऱ्यांचे चार प्रकार

‘न वापरलेले’ या एका शब्दाखाली चार निराळ्या गोष्टी येतात. त्यांची गल्लत करणे हेच बहुतेक चुकांचे मूळ आहे.

पहिला प्रकार, नुसते जाहीर केलेले नाव. त्याला किंमत दिली नाही, ते वाचलेही नाही. बहुधा पूर्वी त्याचा उपयोग होता, मजकूर बदलला आणि नाव मागे राहिले. हे निर्धास्तपणे काढावे. माझ्या अकरांपैकी सहा इशारे असे होते.

दुसरा प्रकार, किंमत दिली पण वाचली नाही. जीसीसीच्या ४.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, हा इशारा स्वतंत्रपणे मिळू लागला. लिनक्सच्या नेहमीच्या बांधणीत तो सामान्यतः दाबून ठेवतात. बांधणीच्या आज्ञेत ‘डब्ल्यू बरोबर एक’ असे लिहिले की तो बाहेर येतो. दादाने मला तसे लिहायला सांगितले होते. हा प्रकार सर्वांत फसवा आहे. त्याविषयी पुढे सविस्तर सांगते.

तिसरा प्रकार, लिहिलेले पण कोणी न बोलावलेले फंक्शन. हा इशारा फक्त ‘स्टॅटिक’ म्हणजे त्या एका फायलीपुरत्या मर्यादित फंक्शनांसाठी मिळतो. इतरांना दुसऱ्या फायलीतून कोणी बोलावील, हे कम्पायलरला एका फायलीकडे पाहून कळत नाही.

चौथा प्रकार, न वापरलेली यादी. ड्रायव्हर कोणकोणत्या यंत्रांना ओळखतो याची एक यादी त्यात असते. काही संगणकांवर ती यादी वाचली जाते, काहींवर यंत्र ओळखण्याची रीतच निराळी असते, म्हणून ती पडून राहते.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराबाबत एक घरचे उदाहरण देते. दिवाळीच्या साफसफाईत गोठ्यातले जुने लाकूड मी चुलीजवळ आणून टाकले. त्यात एक लहानसे, भोके पाडलेले लाकडी भांडे होते. आजीने ते पाहिले आणि ओढून बाजूला काढले. “कामाचं नाई म्हनून जाळाले निघाली का? आधी इचार तं खरं, कायचं हाय ते.” ते तिफणीचे चाडे होते. पेरणीच्या वेळी त्यात बी सोडतात आणि ते नळ्यांतून तासांत पडते. आमच्याकडे आता बरीच पेरणी ट्रॅक्टरने होते. पण वरच्या लहान तुकड्यात ट्रॅक्टर वळत नाही, तेथे अजून तिफणच लागते. वर्षाचे साडेअकरा महिने ते चाडे ‘न वापरलेले’ असते. दिवाळीत पाहणाऱ्याला ते सरपण वाटते, मृगात पाहणाऱ्याला नाही.

ड्रायव्हरमध्ये तसेच होते. लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्र झोपते आणि उघडले की जागे होते. त्या वेळी काय करायचे याची दोन फंक्शने ड्रायव्हरमध्ये असतात. परंतु लिनक्स बांधताना झोपेची सोय वगळताही येते, आणि ती वगळली तर ही दोन्ही फंक्शने कोणी बोलावीत नाही. मग कम्पायलर म्हणतो, ‘ही वापरलेली नाहीत’. तो खोटे बोलत नाही. तो फक्त आजच्या बांधणीबद्दल बोलतो. अशा फंक्शनांवर ‘मेबी अनयूज्ड’ म्हणजे ‘कदाचित न वापरलेले’ अशी चिठ्ठी लावण्याची रीत लिनक्समध्ये रूढ झाली. पुढे मार्च २०२२ मध्ये आलेल्या ५.१७ या आवृत्तीत याहून नीटस सोय झाली. फंक्शनांचा उल्लेख सर्व बांधण्यांत कम्पायलरच्या नजरेस पडतो. झोपेची सोय नसेल तेव्हा तो स्वतःच ती गाळून टाकतो आणि तक्रारही करीत नाही.

माझी चूक

आता माझ्या हकिकतीकडे वळते. अकरा इशारे पाहून मला अपमान झाल्यासारखे वाटले. शाळेत वहीवर लाल शाईच्या खुणा आल्या की वाटायचे, तसेच. ड्रायव्हर तयार झाला होता, वाय-फाय चालू झाले होते. तरीही एका रात्री बसून मी अकराही इशारे एकदम मिटवले. जे जे ‘न वापरलेले’ ते ते खोडले. पुन्हा बांधले तेव्हा एकही इशारा आला नाही. मला फार आनंद झाला.

नवा ड्रायव्हर चढवला, आणि माऊसचा बाण जागच्या जागी खिळला. कळा दाबून उपयोग होईना. बटण दाबून धरून यंत्र बंद केले, पुन्हा सुरू केले. ड्रायव्हर आपोआप चढला आणि पुन्हा तेच. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जाला तीन दिवस उरले होते आणि माझी सर्व कागदपत्रे त्याच यंत्रात होती. बाबा सकाळी शेतात निघताना म्हणाले, “काहून वं, रातभर जागीच होती का? बिघडलं का ते?” मी म्हटले, “नाई बाबा, चालू हाय.” आयुष्यात बाबांशी मी फार खोटे बोललेली नाही, हे बोलले. सोयाबीनच्या पैशांचे यंत्र मी आपल्या हाताने मोडले, अशी माझी खात्री झाली होती.

दुपारी दादाला फोन केला. तो रागावला नाही. त्याने सुरुवातीच्या यादीतून ‘रिकव्हरी’ निवडायला सांगितले. तेथून मी तो ड्रायव्हर काढून टाकला आणि यंत्र जागे झाले. मग तो म्हणाला, “मूळ मजकूर पुन्हा काढ. एकेक बदल कर, आणि प्रत्येक बदलानंतर चालवून पाहा. सगळं एकदम करायचं नाही.” त्याप्रमाणे बसले. सहा नावे काढली, काही बिघडले नाही. तीन फंक्शने राहिली ती बाजूला ठेवली. ती चाचणीच्या नोंदींची कळ चालू केली तरच लागणारी निघाली. उरले दोन इशारे, दोन्ही दुसऱ्या प्रकारचे. त्यातील पहिली ओळ काढताच बाण पुन्हा खिळला.

ती ओळ अशी होती : कार्डातील एका रजिस्टरमधली किंमत वाच आणि ‘व्हॅल’ या नावात ठेव. पुढे ‘व्हॅल’ कोठेच वाचलेले नव्हते. वाचून ठेवले आणि विसरले, असे मला वाटले. म्हणून मी नाव आणि ओळ दोन्ही खोडली होती.

रजिस्टर म्हणजे यंत्रातील छोटी नोंदवही. परंतु ही वही शाळेच्या हजेरीवहीसारखी नसते. हजेरीवही कितीदाही वाचली तरी ती बदलत नाही. यंत्राच्या काही रजिस्टरांत मात्र वाचणे हेच एक काम असते. वाचताच आतली खूण पुसली जाते. कार्डाकडे काही माहिती आली की ते प्रोसेसरला हाक मारते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम टाकून ड्रायव्हरला पाठवतो. ड्रायव्हरने ते रजिस्टर वाचले की कार्डाला कळते, आपली हाक पोचली, आणि ते गप्प बसते. ती ओळ म्हणजे हाकेला दिलेली ओ होती. ‘ओ’ या अक्षराला स्वतःचा अर्थ काय असतो? काहीच नाही. पण ओ दिली नाही तर दारातला माणूस हाका मारीतच राहतो. माझ्या यंत्रात तेच झाले. कार्ड हाक मारी, प्रोसेसर धावे, ओ न देता परत येई. पुन्हा हाक, पुन्हा धाव. बाण हलवायला त्याला सवडच उरली नाही.

कम्पायलरने काय केले असते?

सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. रजिस्टर वाचणारी ओळ ही ‘व्होलाटाईल’ या शब्दाने बांधलेली असते. त्याचा अर्थ, या जागेला हात लावणे हेच महत्त्वाचे आहे, किंमत कोणाला लागो वा न लागो. त्यामुळे मी काही न करता सोडले असते तर कम्पायलरने ते वाचन कधीच गाळले नसते. त्याने फक्त ‘व्हॅल’ या नावाबद्दल विचारले होते; वाचनाबद्दल नव्हे. नावाबद्दलचा प्रश्न मी कामाबद्दलचा हुकूम समजले. चूक इशाऱ्याची नव्हती, इशारा वाचणारीची होती.

योग्य दुरुस्ती एका मिनिटाची निघाली. ‘व्हॅल’ हे नाव काढायचे, वाचन तसेच ठेवायचे आणि वर एक टीप लिहायची : ‘हे वाचन हाक मिटवण्यासाठी आहे, काढू नये.’ मूळ लेखकाने ही टीप लिहिली असती तर माझी रात्र वाचली असती. पण त्याला दोष देत नाही. आपल्याला जे ठाऊक असते ते सर्वांनाच ठाऊक आहे असे लिहिणाऱ्याला नेहमीच वाटते.

मग इशारे तसेच ठेवावेत काय?

यावरून कोणी म्हणेल, इशाऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. तेही बरोबर नाही. माझ्या शेवटच्या, अकराव्या इशाऱ्यानेच मला हे शिकवले. तेथे ‘रेट’ नावाच्या चलात एका कामाचा निकाल ठेवलेला होता आणि तो पुढे पाहिलेला नव्हता. म्हणजे कार्ड सुरू करण्याचे ते काम फसले तरी ड्रायव्हर सर्व ठीक आहे असे समजून पुढे जाणार होता. येथे नाव खोडणे ही दुरुस्ती नव्हे; निकाल तपासणे आणि काम फसले तर मागे फिरणे, ही दुरुस्ती. एकाच शब्दांत आलेल्या दोन इशाऱ्यांची उत्तरे अशी परस्परविरुद्ध होती. एकात नाव जास्तीचे होते, दुसऱ्यात पुढची ओळच राहून गेली होती.

दुर्लक्षाचे मोठे उदाहरण फेब्रुवारी २०१४ मध्ये घडले. ॲपल कंपनीच्या आज्ञावलीत ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसऱ्या ओळीमुळे पुढचा मजकूर, म्हणजे समोरच्या संकेतस्थळाची सही तपासण्याचे काम, कधीच चालत नव्हते. त्यामुळे खोटे संकेतस्थळही खरे म्हणून खपू शकत होते. न पोचता येणारा मजकूर दाखवून देणारा इशारा कम्पायलरमध्ये उपलब्ध होता; पण तो नेहमीच्या इशाऱ्यांत मोडत नाही, वेगळा चालू करावा लागतो.

शिवाय इशाऱ्यांची गर्दी झाली की खरा इशारा त्यात हरवतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तिच्यातला दोष ओरडणाऱ्या मुलाचा. येथे मात्र इशारा खराच असतो, आपलेच कान बधिर होतात. म्हणून लिनक्समध्ये हे काम निष्ठेने चालते. लिनारो या संस्थेतील ली जोन्स यांनी २०२० च्या सुमारास एकेक विभाग घेऊन ड्रायव्हरांतील असे इशारे मोठ्या संख्येने निस्तरले. सप्टेंबर २०२१ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी प्रत्येक इशारा चूकच समजून बांधणी थांबवावी असा नियम आणला. परंतु अनेकांच्या बांधण्या अडू लागल्या तेव्हा काही दिवसांतच तो सौम्य करून मुख्यतः चाचणीच्या बांधण्यांपुरता ठेवला.

घाईचे एक मोठे उदाहरण

माझ्यासारखी चूक जाणत्यांच्या हातूनही झालेली आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध संचात २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीतील दोन ओळी बंद करण्यात आल्या. तपासणीची साधने त्या ओळींबद्दल तक्रार करीत होती, की येथे किंमत न दिलेली स्मृती वाचली जात आहे. तक्रार मिटली. परंतु त्यातील एक ओळ गुप्त किल्ली तयार करताना यदृच्छेची भर घालीत होती. ती गेल्यावर यदृच्छा म्हणून जवळपास फक्त प्रक्रियेचा क्रमांक उरला, आणि असे क्रमांक तेव्हा सामान्यतः फार तर ३२,७६८ असत. इतक्या किल्ल्या तर संगणक थोड्याच वेळात एकेक लावून पाहू शकतो. लुसियानो बेलो यांनी हा दोष शोधला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. तोवर जगभर कमकुवत किल्ल्या वापरात होत्या. त्या सर्व बदलाव्या लागल्या. हा इशारा ‘न वापरलेले’ या जातीचा नव्हता. पण चुकीची जात तीच होती. तक्रार बंद झाली म्हणजे कारण दूर झाले, असे मानले गेले.

दुरुस्तीची रीत

या सर्वांतून जी रीत मला उमगली ती क्रमाने देते. ज्यांना पुढे हे काम करावयाचे आहे त्यांना ती उपयोगी पडावी.

१. इशारा पूर्ण वाचावा. तो नावाबद्दल आहे, फंक्शनबद्दल आहे की किमतीबद्दल, हे आधी ठरवावे.

२. उजवी बाजू पाहावी. ‘अमुक बरोबर तमुक’ या ओळीत उजवीकडे नुसती बेरीज असेल तर ओळ जाऊ शकते. तेथे रजिस्टरचे वाचन किंवा दुसऱ्या फंक्शनला दिलेली हाक असेल तर नाव काढावे, काम ठेवावे. ते काम कशासाठी आहे हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत शोधावे.

३. निकाल असेल तर तो तपासण्याची ओळ राहून गेली आहे काय, हे पाहावे.

४. इतिहास पाहावा. लिनक्सचा मजकूर २००५ पासून गिट या साधनात ठेवला जातो. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने घातली, हे त्यात सापडते.

५. निरनिराळ्या बांधण्या करून पाहाव्यात. सर्व सोयी चालू करून, सर्व बंद करून, आणि मनाला येतील तशा निवडूनही. आर्न्ड बर्गमन हे लिनक्सचे एक कार्यकर्ते अशा यादृच्छिक बांधण्या सातत्याने करून इशारे शोधण्यासाठी प्रसिद्ध आहेत. एका बांधणीत निकामी दिसणारे फंक्शन दुसरीत कामाचे निघते.

६. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो का केला हे त्याच्याबरोबर लिहावे. ‘इशारा मिटवला’ हे कारण पुरेसे नाही. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याने आपल्या नावाची सही देण्याची प्रथा आहे. सही देणारा माणूस दोनदा विचार करतो.

७. आणि शक्य असेल तर खऱ्या यंत्रावर चालवून पाहावे. कम्पायलरचे समाधान झाले म्हणजे यंत्राचे झाले, असे नाही.

समारोप

हे सर्व शिकताना मला आमच्या मराठीच्या तासाची आठवण होत होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि मूळ ग्रंथाचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. देशभरातील हस्तलिखिते ताडून संपादकांनी संहिता ठरवली. जे पाठ मुख्य संहितेत बसले नाहीत ते त्यांनी फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले. पाठ गाळण्याचा अधिकार संपादकाला आहे. पण तो का गाळला हे पुढच्या वाचकाला पडताळून पाहता आले पाहिजे, अशी त्यामागील दृष्टी. ड्रायव्हरमधली एक ओळ काढणाऱ्यानेही याहून वेगळे काही करायचे नसते. कला शाखेत शिकलेले येथे अगदीच वाया जात नाही, एवढे मला म्हणता येईल.

दुरुस्त केलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू झाला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आत गेला. त्या रात्री बाबांना मी खरे काय झाले ते सांगितले. त्यांना इंटरप्ट वगैरे काही कळले नसावे. ते एवढेच म्हणाले, “मंग आता तुले उघडता येते नं ते? मंग झालं.” चाडे आजीने पुन्हा गोठ्यात तुळईला बांधून ठेवले आहे. माझ्या ड्रायव्हरच्या मजकुरात अकरांपैकी तीन इशारे अजून शिल्लक आहेत. ती चाचणीची फंक्शने. त्यांवर ‘कदाचित न वापरलेले’ ही चिठ्ठी लावायची की ती त्या कळीच्या आतच बंदिस्त करायची, हे मी सध्या वाचते आहे. कळल्याशिवाय हात लावणार नाही.

या विषयात माझ्याहून अधिक गती असलेले विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात असतील. त्यांनी माझ्या विवेचनातील उणिवा दाखवून द्याव्यात, अशी विनंती करून हा लेख पुरा करते.